गिटारसाठी रिव्हर्ब पेडल घेताय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांतली इलेक्ट्रिक गिटार चारचौघांत पहिल्यांदा वाजते ती बहुतेक गणपतीत. मंडप राजेंद्रनगरचा असो की लोकमान्यनगरचा, तक्रार एकच: घरी काय झकास वाजत होती, आणि इथे नुसता गलका! मग दोष अ‍ॅम्पला, साऊंडवाल्याला, नाहीतर गिटारच्या पिकअपला. रिव्हर्बच्या, म्हणजे आवाजाला घुमणं जोडणाऱ्या, पेडलवर कोणी संशय घेत नाही, कारण ते सगळ्यात हौसेनं घेतलेलं असतं.

खोलीत ऐकून पसंत करणं

घरच्या खोलीत गाद्या, पडदे, कपाटाबाहेर लोंबणारे कपडे, सगळेच आवाज पिऊन टाकतात. अशा कोरड्या जागेत हॉल मोड (सभागृहासारखं घुमणं) लावून डिके (घुमणं विरायला लागणारा वेळ) चार सेकंदांवर नेला की स्वर्ग! तेच सेटिंग टाइल्सची फरशी आणि वर पत्रा असलेल्या कार्यालयात नेलं, की पेडलच्या हॉलमध्ये खरा हॉल मिसळतो आणि एका कॉर्डची शेपटी पुढच्या कॉर्डवर चढते.

जागेचा हा हिशेब वॉलेस सॅबिन यांनी हार्वर्डमध्ये १८९५ पासून मांडायला घेतला. एका व्याख्यानगृहात बोललेलं समजत नव्हतं, म्हणून त्यांनी जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून ठेवल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं ते मोजलं. आवाज थांबल्यावर तो ६० डेसिबलनी उतरायला लागणारा वेळ म्हणजे रिव्हर्ब टाइम. वाद्यवृंदासाठी बांधलेल्या चांगल्या सभागृहात तो दोन सेकंदांच्या आसपास असतो. आता तुमच्या पेडलवरच्या चार सेकंदांकडे पुन्हा बघा.

शिवाय मध्ये मिक्सर असतोच. गायकासाठी साऊंडवाल्यानं इफेक्ट चढवलेला असतो आणि सवयीनं तो गिटारच्या चॅनललाही मिळतो. साऊंडचेकला पहिलं वाक्य हेच टाकायचं: ‘भिया, गिटार के चैनल का इफेक्ट पूरा बंद कर दो.’ हे ऐकून तो जरा नाराज होईल, होऊ द्या. नंतर टाळी वाजवून रिकामी जागा किती घुमते ते ऐका आणि मगच पेडलला हात लावा. माणसं भरली की घुमणं थोडं उतरतं, एवढं लक्षात ठेवून सुरुवात कमीपासून करा.

म्हणून पेडल निवडताना सगळ्यात मोठा हॉल कोणता देतं, हे बघूच नका. रिव्हर्ब अगदी थोडा ठेवला तर तो कानाला बरा लागतो का, ते बघा. स्वस्त पेडलची पंचाईत इथेच होते: मिक्सचा नॉब नऊ वाजल्यासारखा ठेवला तर काहीच ऐकू येत नाही आणि दहावर नेला की पूर आला.

डिस्टॉर्शनच्या आधी रिव्हर्ब

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. डिस्टॉर्शन म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम फाडणं. गिटार, रिव्हर्ब पेडल आणि मग अ‍ॅम्पचा डिस्टॉर्शन चॅनल, असं जोडलं की रिव्हर्बची प्रत्येक बारीक लाट डिस्टॉर्शनमध्ये दाबली-फुगवली जाते. हळू आवाजातली शेपटी मूळ सुराइतकी मोठी होते आणि रिफचा चिखल होतो. डिस्टॉर्शन पेडलमधून येत असेल तर उपाय सोपा, रिव्हर्ब त्याच्या पुढे, साखळीत सगळ्यात शेवटी. पण डिस्टॉर्शन अ‍ॅम्पचंच असेल तर अ‍ॅम्पच्या मागे ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ अशी दोन भोकं आहेत का, ते आधी बघा. त्याला इफेक्ट्स लूप म्हणतात. पेडल तिथे लावलं की ते डिस्टॉर्शन तयार करणाऱ्या भागाच्या, म्हणजे प्रीअ‍ॅम्पच्या नंतर आणि पॉवर अ‍ॅम्पच्या आधी येतं. लूप नसेल तर भारी रिव्हर्बवर पैसे घालू नका. डिस्टॉर्शनचं पेडल घ्या आणि अ‍ॅम्प क्लीनवर ठेवा.

लूपमध्येही दोन प्रकार आहेत. काही अ‍ॅम्पचा लूप पॅरलल असतो, म्हणजे मूळ आवाज अ‍ॅम्पमधूनच सरळ जातो. तिथे पेडलनंही मूळ आवाज परत पाठवला तर दोन्ही एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. अशा लूपसाठी मूळ आवाज बंद करता येणारं, ‘किल ड्राय’ची सोय असलेलं पेडलच हवं. आणि लूपमध्ये लावल्यावर आवाज खरखरीत फाटत असेल तर लूपची पातळी पेडलला झेपत नाहीये. अ‍ॅम्पवर लेव्हलचा स्विच असेल तर तो खालच्या बाजूला करा.

मग जुने लोक रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या आधीच लावायचे, ते कसं चालायचं? अमेरिकेच्या फेंडर कंपनीनं १९६१ मध्ये रिव्हर्बची वेगळी पेटी काढली ती गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्येच बसायची. पण सर्फवाले, म्हणजे त्या काळचं सर्फ रॉक वाजवणारे, अ‍ॅम्प बऱ्यापैकी क्लीन वाजवत. त्या पेटीच्या आत स्प्रिंगा, टणत्कार असा की तारेवर पाणी उडाल्यासारखा. अ‍ॅम्पच्या आतच रिव्हर्ब असलेलं फेंडरचं पहिलं मॉडेल, व्हायब्रोव्हर्ब, १९६३ मध्ये आलं. तेव्हा स्प्रिंग मोड हवा असेल तर तो क्लीन आवाजावर ऐकून निवडा. सोलो वाजवणाऱ्यानं मात्र प्लेटकडे वळावं. १९५७ चं ईएमटी १४० हे स्टुडिओतलं प्लेट यंत्र म्हणजे लोखंडी चौकटीत ताणलेला पोलादी पत्रा, वजन पाव टनाच्या वर. त्याचा आवाज भिंतींची आठवण करून देत नाही, सुराला नुसती चमक देतो, म्हणून डिजिटल पेडलांतही तो मोड गर्दीत उपयोगी पडतो.

जेल रोडचा अ‍ॅडॅप्टर

पेडल ऑनलाइन आलं, अ‍ॅडॅप्टर सोबत नव्हता, मग इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातून स्वस्तातला उचलला किंवा घरातला जुना वायफाय राउटरचा लावला. ही चूक पेडल जाळू शकते. राउटरचा अ‍ॅडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा आणि मधली पिन पॉझिटिव्ह असलेला असतो. गिटार पेडलला सहसा ९ व्होल्ट डीसी आणि मधली पिन निगेटिव्ह लागते. पिन मात्र बिनबोभाट बसते, त्यामुळे कळत नाही. अ‍ॅडॅप्टरच्या पाठीवर दोन गोल आणि मध्ये ठिपका असं चित्र असतं. त्यातला मधला ठिपका वजाच्या खुणेला जोडलेला हवा.

मग मिलिअँपिअर, म्हणजे विजेच्या प्रवाहाचं माप. साध्या ओव्हरड्राइव्हला फार थोडी वीज लागते, डिजिटल रिव्हर्बला नाही: बॉसचा आरव्ही-६ सुमारे ९५ मागतो, स्ट्रायमनचा बिगस्काय ३००. कमी पडली तर पेडल चालू होऊन बंद पडतं किंवा वेडंवाकडं वागतं. अ‍ॅडॅप्टरचा आकडा पेडलपेक्षा मोठा असला तर बिघडत नाही. व्होल्टचा मात्र तंतोतंत हवा.

सगळी पेडल एकाच अ‍ॅडॅप्टरवर माळेसारखी जोडली आणि मागे बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली, तर रिव्हर्बला वेगळा अ‍ॅडॅप्टर देऊन बघा. शिट्टी गेली तर पेडल चांगलं आहे, दोष वाटून घेतलेल्या विजेचा. मग प्रत्येक पेडलला स्वतंत्र आउटपुट देणारा, आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या.

अमेरिकेतल्या मामानं जुना ट्यूब अ‍ॅम्प पाठवला असेल तर तो १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० वर थेट लावायचा नाही, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागेल.

राहिलेलं थोडक्यात

स्टीरिओ आउटपुटसाठी जादा पैसे देण्याआधी आपल्याकडे दुसरा अ‍ॅम्प आहे का, ते बघा. मंडपातला साऊंड बहुधा मोनोच असतो. शिमरचा मोड, सुरावर वरच्या सप्तकाची झालर, दुकानात मोहात पाडतो. नव्याची नवलाई नऊ दिवस. त्यापेक्षा टोनचा नॉब आणि प्री-डिलेची सोय बघा. वीस-तीस मिलिसेकंदांचा प्री-डिले ठेवला तर आघात आधी, घुमणं नंतर येतं आणि सूर स्पष्ट राहतो. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हॉल ऑफ फेम पेडलवर त्यासाठी लहान-मोठ्याचा टॉगल आहे.

पेडल बंद केल्यावर शेपटी कचकन तुटत असेल तर ते बिघडलेलं नाही. ट्रू बायपासमध्ये, म्हणजे बंद केल्यावर आवाज पेडलचं सर्किट वगळून सरळ जातो तिथे, असंच होतं. संथ गाण्यांत ते खटकत असेल तर ‘ट्रेल्स’ची (बंद केल्यावरही शेपटी आपोआप विरू देण्याची) सोय असलेलं पेडल घ्या.

जुनं घेताना प्रत्येक नॉब वाजवत-वाजवत फिरवून खरखर ऐका आणि स्विच भराभर दाबून बघा. मग पेडल बंद ठेवून आणि नंतर ते काढून, थेट केबलनं एकच फ्रेज वाजवा. पेडल मध्ये असताना आवाज बोथट होत असेल तर किंमत पाडून मागा, किंवा बफरचे (सिग्नल कमजोर होऊ न देणाऱ्या पेडलचे) पैसे आताच बाजूला ठेवा.