‘म’चे तीन बाइट कागदावर कसे काढायचे

मराठी नावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की पुष्कळदा ‘म’च्या जागी तीन चिन्हं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए, चार टोकं फुटलेलं छोटं वर्तुळ आणि ट्रेडमार्कचा गोलातला आर. फाइल खराब झाली असं वाटतं, पण बहुतेक वेळा ती शाबूत असते. तीनच चिन्हं का, हे वही-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत कळतं.

आधी अक्षराचा क्रमांक शोधा. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीचा पट्टा २३०४ ते २४३१ असा आहे आणि ‘म’चा क्रमांक २३५०. (एक्सेलमध्ये युनिकोड नावाचं फंक्शनच आहे, ते हा क्रमांक सांगतं.) आता अडचण अशी की फाइल बाइटांची बनते, एक बाइट म्हणजे आठ बिट (बिट म्हणजे ० किंवा १), आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं. म्हणजे २३५०चे तुकडे पाडणं आलं. ते कसे पाडायचे याचा आज सगळीकडे चालणारा नियम म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तो १९९२मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर मांडला. तेव्हा आपणही कागदावरच करू.

२३५०ला ६४ने भागा. भागाकार ३६, बाकी ४६. त्या ३६ला पुन्हा ६४ने भागा: भागाकार ०, बाकी ३६. हाती आले ०, ३६ आणि ४६. पहिल्यात २२४ मिळवा, उरलेल्या दोघांत १२८. उत्तर: २२४, १६४, १७४. झाला ‘म’.

हे २२४ आणि १२८ म्हणजे खुणा. २२४पासून सुरू होणारा बाइट सांगतो, ‘माझ्यासकट तिघं मिळून एक अक्षर’. १२८ मिळवलेला सांगतो, ‘मी मागच्याचा जोडीदार’. खुणेला दोन बिट गेले की आठातले सहा उरतात, आणि सहा बिटांत ६४ आकडे बसतात. भागायला ६४ घेतले ते यासाठी. इंग्रजी अक्षरांचे क्रमांक १२८च्या आतले, त्यांना एकच बाइट पुरतो.

आता ‘ी’ करून पाहा. क्रमांक २३६८, उत्तर २२४, १६५, १२८. मात्रा आणि हलन्ताची खूण यांनाही स्वतंत्र क्रमांक असतात. म्हणून ‘श्री’ दिसायला एक, पण आत श, ्, र, ी असे चार क्रमांक आणि बारा बाइट. फॉर्ममधली अक्षरमर्यादा मराठीत लवकर का संपते, ते इथे दिसतं.

पुन्हा त्या फाइलकडे. जुन्या पाश्चात्त्य विंडोज तक्त्यात एक बाइट म्हणजे एक चिन्ह. त्यात २२४ म्हणजे तो रेघवाला ए, १६४ म्हणजे टोकांचं वर्तुळ, १७४ म्हणजे गोलातला आर. बाइट तेच आहेत, वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा धरलाय. फाइल सेव्ह न करता बंद करा. रिकाम्या शीटमध्ये डेटा टॅबवरून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ हा पर्याय घ्या आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडा.

विचित्र चिन्हं कॉपी करून दुसरीकडे चिकटवू मात्र नका. ‘ठ’चा तिसरा बाइट १६०, त्या जुन्या तक्त्यात ती न तुटणारी मोकळी जागा आहे. चिकटवताना तिची साधी स्पेस, म्हणजे ३२, झाली की ‘मराठी’तला ‘ठ’ गेलाच.