दहा किलोमीटरची वेळ कमी करण्यासाठी बारा आठवड्यांची तयारी

दहा किलोमीटर साधारण तासाभरात पूर्ण करणाऱ्या हौशी धावपटूला त्यातली तीन मिनिटे कमी करायची असतील, तर वेगाचा पहिला सराव करण्याआधी काही गोष्टी वहीत लिहून घ्याव्या लागतात आणि त्यातली पहिली म्हणजे आजची खरी वेळ. दोन वर्षांपूर्वीची सर्वोत्तम वेळ किंवा एखाद्या उताराच्या रस्त्यावर घड्याळाने दाखवलेला आकडा येथे कामाचा नाही. आदल्या दिवशी विश्रांती घ्यावी, पंधरा मिनिटांचा नीट वॉर्म-अप करावा आणि सपाट, मोजलेल्या मार्गावर पाच किलोमीटर पूर्ण ताकदीने धावून ती वेळ लिहून ठेवावी. त्यावरून दहा किलोमीटरचा अंदाज बांधण्यासाठी अमेरिकन अभियंता पीटर रिगेल यांचे सूत्र वापरण्याची पद्धत आहे. त्या सूत्रानुसार अंतर दुप्पट झाले की वेळ सुमारे २.०८ पट होते. म्हणजे पाच किलोमीटरला २८ मिनिटे ४५ सेकंद लागत असतील, तर आजची दहा किलोमीटरची क्षमता जवळजवळ ६० मिनिटांची आहे, आणि ५७ मिनिटे गाठायची तर पाचची वेळ २७ मिनिटे २० सेकंदांच्या आसपास यायला हवी. हा हिशेब त्या अंतरासाठी पुरेसा सराव असलेल्यालाच लागू पडतो. आठवड्याला जेमतेम दहा-बारा किलोमीटर धावणाऱ्याची दहाची वेळ सूत्रापेक्षा हमखास जास्त येते, आणि अशा धावपटूला वेगापेक्षा आधी अंतर वाढवण्याची गरज आहे.

त्याच वहीत गेल्या सहा आठवड्यांत दर आठवड्याला प्रत्यक्ष किती धावलो तेही लिहावे. आठवड्यात चांगला झालेला एखादा सराव आपल्या लक्षात राहतो आणि न झालेले दोन विसरले जातात, म्हणून हा आकडा आठवणीवर सोडू नये. बारा आठवड्यांची सुरुवात त्याच आकड्यापासून करायची असते, ठरवलेल्या आकड्यापासून नव्हे.

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल, अथवा धावताना कधी छातीत दुखले, चक्कर आली, छातीत अकारण धडधडले असेल, तर वेगाचे सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ही बाब यादीत खाली ढकलू नये.

यानंतर ठरवायचा तो सावकाश धावण्याचा वेग, आणि माझ्या मते या सगळ्या तयारीत एवढी महत्त्वाची आणि एवढी दुर्लक्षित दुसरी गोष्ट नाही. बहुसंख्य हौशी धावपटू रोज एकाच मध्यम-जोरकस वेगाने धावतात. तो वेग धाप लागेल इतका असतो, पण शरीराला नवी क्षमता कमवायला लावेल इतका नसतो. हृदयाच्या एका ठोक्यात जास्त रक्त फेकले जाणे, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट होणे, पेशींमधील ऊर्जा तयार करणारे घटक, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, वाढणे, चरबीचा इंधन म्हणून अधिक वापर होणे, हे सारे बदल बऱ्याच अंशी सावकाश धावण्यातून होतात. त्यासाठी तास लागतात, आणि रोज थकवा साचत गेला तर तेवढे तास धावताच येत नाही. शिवाय मंगळवारी गरजेपेक्षा जोरात धावलेला धावपटू बुधवारच्या वेगाच्या सरावात हवा तेवढा जोर लावू शकत नाही. दोन्ही दिवस सारखेच होतात आणि घड्याळ महिनोन् महिने एकाच आकड्यावर अडकून राहते.

सावकाश म्हणजे किती, याची सर्वांत भरवशाची कसोटी बोलण्याची आहे. धावता धावता सोबत्याशी तीन-चार पूर्ण वाक्ये, मध्ये धाप न लागता, बोलता आली पाहिजेत. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. एकटे असल्यास पाठ असलेली एखादी कविता किंवा स्तोत्र म्हणून पाहावे. साठ मिनिटांत दहा किलोमीटर धावणाऱ्यासाठी हा वेग साधारणपणे किलोमीटरला सात ते साडेसात मिनिटे येतो, उन्हात आणि दमट हवेत त्याहूनही सावकाश, आणि चढावर प्रसंगी चालावे लागते. हृदयगतीच्या पट्ट्याने मोजायचे असल्यास २२० मधून वय वजा करण्याच्या सूत्रावर विसंबू नये, कारण ती सरासरी आहे आणि प्रत्यक्ष कमाल हृदयगती त्यापासून दहा-बारा ठोके सहज इकडे-तिकडे असू शकते. नॉर्वेमध्ये काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या दमश्वासाच्या खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ८० टक्के सराव हलक्या श्रमाचे असल्याचे त्यांना आढळले. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्याआधी कितीतरी वर्षे पीटर स्नेल यांच्यासारख्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूकडूनही पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावून घेतले होते. स्नेल यांनी १९६० मध्ये रोम येथे ८०० मीटरचे आणि १९६४ मध्ये टोकियो येथे ८०० व १५०० मीटरचे ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले. लिडियार्ड यांचे ते धावणे अगदीच संथ नव्हते आणि त्या अंतराचे अनुकरण हौशी धावपटूने मुळीच करू नये, परंतु दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीचा पायासुद्धा लांब अंतराने रचला जातो, एवढे त्यातून नक्की घेण्यासारखे आहे.

आठवड्याची आखणी चार दिवसांची असेल तर पुरे. दोन दिवस ४० ते ५० मिनिटांचे सावकाश धावणे, एक दिवस वेगाचा सराव आणि एक दिवस ७५ ते ९० मिनिटांचा लाँग रन. लाँग रन किलोमीटरपेक्षा मिनिटांत मोजणे बरे, म्हणजे अंतर पूर्ण करण्याच्या नादात वेग वाढत नाही. सावकाश दिवसांपैकी एका दिवशी शेवटी २० सेकंदांच्या सहा स्ट्राइड्स कराव्यात, म्हणजे हळूहळू वेग वाढवत सैल शरीराने, पण जवळजवळ पूर्ण वेगाने धावावे आणि प्रत्येकीनंतर मिनिटभर चालावे. यातून पायांना वेगाची सवय राहते आणि थकवा जवळजवळ येत नाही. तीन आठवडे अंतर थोडे थोडे वाढवून चौथ्या आठवड्यात ते पाव हिश्श्याने कमी करावे. दर आठवड्याला १० टक्के वाढ हा प्रचलित नियम ढोबळ आहे. स्नायू आणि दम लवकर तयार होतात, पण कंडरा आणि हाडे मागे राहतात, आणि दुखापत होते ती बहुधा याच तफावतीतून, म्हणून दम पुरतो आहे एवढ्यावरून अंतर वाढवू नये.

वेगाचा सराव निवडताना एक गोष्ट काळजीपूर्वक समजून घ्यावी लागते. टेम्पो रन ज्या वेगाने करायचा, तो वेग म्हणजे साधारणपणे तासभर टिकवता येईल असा वेग. या पातळीच्या वर गेले की जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारे लॅक्टेट रक्तात झपाट्याने साचू लागते. चाळीस मिनिटांत दहा किलोमीटर धावणाऱ्यासाठी हा वेग त्याच्या शर्यतीच्या वेगापेक्षा कमी असतो, परंतु ज्याला दहा किलोमीटरला तासच लागतो, त्याच्यासाठी टेम्पोचा वेग आणि शर्यतीचा वेग जवळजवळ एकच आहे. त्यामुळे वेगवान धावपटूंसाठी लिहिलेला तक्ता जसाच्या तसा उचलून ‘शर्यतीच्या वेगापेक्षा किलोमीटरला अमुक सेकंद सावकाश’ असे गणित केले, तर सराव फसतो. येथे आजचा वेग, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटे, हाच धरावा आणि पहिल्या चार आठवड्यांत आठ मिनिटांचे दोन, पुढे तीन टप्पे, मध्ये दोन मिनिटे हलके जॉगिंग, असा क्रम ठेवावा. नंतर सलग वीस मिनिटांपर्यंत जावे. लक्ष्याच्या ५ मिनिटे ४२ सेकंदांच्या वेगाने आठवड्यामागून आठवडे धावत राहणे म्हणजे अजून न कमावलेली क्षमता खर्च करणे आहे.

पाचव्या आठवड्यापासून एक आठवडा टेम्पो आणि एक आठवडा इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत वेगाने धावलेले तुकडे, असा फेर धरावा. इंटरव्हलसाठी ४०० मीटरचा ट्रॅक मिळाला तर उत्तम, मात्र धावावे पहिल्याच लेनमध्ये, कारण बाहेरची प्रत्येक लेन फेरीमागे सुमारे सात-आठ मीटरने लांब होत जाते आणि आठव्या लेनमधील एक फेरी जवळजवळ ४५३ मीटर भरते. सराव एक हजार मीटरच्या पाच तुकड्यांचा, मध्ये तीन मिनिटे चालणे किंवा जॉगिंग. आजच्या पाच किलोमीटरच्या वेगाने प्रत्येक तुकडा ५ मिनिटे ४५ सेकंदांचा, म्हणजे दर फेरी २ मिनिटे १८ सेकंदांची होते. पहिला तुकडा इतका सोपा वाटतो की पहिले २०० मीटर हमखास एक मिनिटाच्या आत संपतात; तेथेच स्वतःला आवरून ६९ सेकंदांवर यावे. तिसऱ्या तुकड्याच्या शेवटच्या वळणावर खांदे कानांकडे चढू लागतात, मुठी आवळल्या जातात आणि पाऊल लांब टाकण्याचा मोह होतो. अशा वेळी खांदे खाली सोडावेत, बोटे सैल करावीत आणि पाऊल उलट थोडे आखूड पण चपळ ठेवावे. पाचवा तुकडा पहिल्याइतक्याच वेळेत आला आणि आणखी एक झाला असता असे वाटले, तर सराव बरोबर झाला. पाचवा दहा सेकंदांनी घसरला तर पुढच्या वेळी सगळेच तुकडे तीन-चार सेकंदांनी सावकाश धावावेत. आठव्या आठवड्यात पाच किलोमीटरची चाचणी पुन्हा घेऊन हे सर्व वेग नव्या वेळेनुसार बदलावेत.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास ताकदीच्या व्यायामाला द्यावा. पायरीच्या कडेवर एका पायावर उभे राहून टाच वर-खाली करणे, स्क्वॅट, लंज आणि प्लँक एवढे पुरते. वजन हळूहळू वाढवत न्यावे. पोटऱ्या आणि घोट्याच्या कंडरा भक्कम झाल्या की त्याच वेगाला कमी ऊर्जा लागते. हा व्यायाम शक्यतो वेगाच्या सरावाच्याच दिवशी, काही तासांच्या अंतराने करावा, म्हणजे सावकाश दिवस खरोखर सावकाश राहतात. बूट पायाला सुखावणारे असावेत आणि शर्यतीसाठी नवे घेतले तर किमान दोन-तीन सरावांत वापरून पाहावेत. त्याहून जास्त विचार बुटांचा करण्याचे कारण नाही.

झोप मात्र सात-आठ तासांची हवीच, कारण सरावाने झालेली झीज भरून निघते ती विश्रांतीतच. खाणे कमी करून वजन घटवण्याचा प्रयत्न आणि वेळ कमी करण्याचा प्रयत्न एकाच वेळी करू नये. सतत दमल्यासारखे वाटणे, सावकाश वेगातही धाप लागणे असे अनेक दिवस चालले तर हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी चाचणी) तपासून घ्यावे, विशेषतः मासिक पाळीत जास्त रक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांनी. दुखण्याबाबत माझा नियम कडक आहे: दोन्ही पायांत सारखे जाणवणारे अंगदुखणे चालेल, पण एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारे, धावताना वाढत जाणारे दुखणे असेल, विशेषतः नडगीच्या हाडावर, तर त्या दिवशीच थांबावे आणि दाखवून घ्यावे. हाडाला पडलेली सूक्ष्म चीर दुर्लक्षिली तर हाती असलेले बारा आठवडे त्यातच जातात.

शेवटच्या दहा-बारा दिवसांत अंतर जवळजवळ निम्मे करावे, पण वेगाचे छोटे तुकडे कायम ठेवावेत. पूर्ण थांबले तर पाय जड वाटतात. या दिवसांत नवा व्यायाम, नवे खाणे, नवे बूट काहीही नको. दहा किलोमीटरसाठी धावताना खाण्याची गरज नसते; शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी सवयीचा, पचायला हलका नाश्ता आणि तहान लागेल तेवढे पाणी पुरेसे आहे.

शर्यतीच्या दिवशी घड्याळाच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी. नियमानुसार मोजलेला मार्ग जास्तीत जास्त जवळच्या रेषेने मोजलेला असतो आणि तो कमी भरू नये म्हणून त्यात एक हजारांश अंतर मुद्दाम वाढवलेले असते. धावपटू वळणे बाहेरून घेतो, जीपीएसची चूक त्यात मिळते आणि घड्याळ १०.१ किंवा त्याहून जास्त किलोमीटर दाखवते. म्हणून घड्याळातील सरासरी पेस ५:४२ दिसत असूनही ५७ मिनिटे हुकू शकतात. घड्याळावर ५:३८ चे लक्ष्य ठेवावे आणि रस्त्यावरील किलोमीटरच्या पाट्यांपाशी एकूण वेळ ताडून पाहावी. पाच किलोमीटरच्या पाटीपाशी २८ मिनिटे ३० ते ४० सेकंद झालेली असावीत. पहिला किलोमीटर ५:५० च्या जवळ ठेवला तरी काही बिघडत नाही, पण तोच ५:२० मध्ये धावला तर सातव्या-आठव्या किलोमीटरला मिळवलेल्याच्या दुप्पट जाते. केनियाचे धावपटू केल्विन किप्टुम यांनी २०२३ मध्ये शिकागो येथे २ तास ० मिनिटे ३५ सेकंदांत मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला, तेव्हा त्यांचा पहिला अर्धा भाग ६०:४८ चा आणि दुसरा ५९:४७ चा, म्हणजे पहिल्यापेक्षा जलद, होता. आठव्या किलोमीटरनंतर घड्याळ न पाहता पुढच्या धावपटूवर नजर ठेवून एकेकाला गाठत जावे.

त्याच संध्याकाळी प्रत्येक किलोमीटरची वेळ, हवामान, आदल्या रात्रीची झोप आणि वेग कोठे ढळला हे वहीत लिहावे. पुढचे दोन आठवडे फक्त सावकाश धावावे आणि त्यानंतर नव्या वेळेवरून सगळे वेग पुन्हा मांडावेत.