महागड्या आयईएमचं ट्यूनिंग ताडून पाहताना या चुका टाळा

लाखाच्या आसपासचे दोन आयईएम (कानाच्या नळीत बसणारे इन-इअर मॉनिटर) शेजारी ठेवून ‘याचा बास भरीव, त्याचं गाणं मोकळं’ असा निकाल पाच मिनिटांत दिला जातो. त्या निकालात ट्यूनिंगचा, म्हणजे बासपासून ट्रेबलपर्यंत (खालच्या ते वरच्या सुरांपर्यंत) कुठला पट्टा किती कमी-जास्त ठेवलाय याचा, वाटा किती, हे मात्र कोणी तपासत नाही. एकाचा आवाज थोडा मोठा असतो, दुसरा कानात अर्धवट बसलेला असतो, किंवा डोंगल (फोन आणि आयईएम यांच्यामध्ये लावायचा छोटा अँप) बदललेला असतो. एवढ्या किमतीच्या आयईएममधले खरे फरक बारीक असतात आणि या बाहेरच्या गोष्टी त्यांना सहज गिळून टाकतात. म्हणून आधी त्या बाजूला काढायच्या आणि मग ऐकायला बसायचं.

आवाजाची पातळी न जुळवणं

सगळ्यात जास्त फसवणारी चूक हीच. दोन आयईएममध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असेल तर कान तो ‘मोठा आवाज’ म्हणून ओळखत नाही. त्याला तो ‘जास्त स्पष्ट’, ‘जास्त भरीव’, ‘जास्त जिवंत’ वाटतो. याचं कारण १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिलं होतं. कमी पातळीवर आपल्या कानाला बास फार कमी ऐकू येतो आणि पातळी वाढली की तो भराभर वर येतो. म्हणजे तोच आयईएम नुसता मोठ्याने लावला तरी त्याचं ट्यूनिंग बदलल्यासारखं वाटतं.

दोन्हीकडे व्हॉल्यूम सारखाच ठेवून काही साधत नाही, कारण प्रत्येक आयईएमची संवेदनशीलता वेगळी असते. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर व्हॉल्यूमच्या पायऱ्या जेमतेम १५. त्यातल्या दोन पायऱ्यांमध्येच कित्येक डेसिबलचं अंतर पडतं, त्यामुळे नेमकी हवी ती पातळी तिथे मिळतच नाही. इक्वलायझर अ‍ॅपमधला प्रीअँप (एकूण पातळी कमी-जास्त करणारी पट्टी) वापरा, त्यात अर्ध्या डेसिबलने कमी-जास्त करता येतं. जुळवताना गाणं लावू नका. ५०० ते २००० हर्ट्झपुरता मर्यादित केलेला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सळसळीसारखा आवाज) लावा आणि दोन्हींवर तो सारखा मोठा वाटेपर्यंत प्रीअँप हलवा. पूर्ण पट्ट्याचा नॉइज घेतला तर जास्त बासवाला आयईएम उगाच मोठा वाटतो. फक्त १ किलोहर्ट्झचा एकच सूर घेतला तर त्याच ठिकाणी एखाद्या आयईएमला खड्डा किंवा उंचवटा असला की सगळी जुळवणी चुकते. मधला पट्टा घेण्याचं कारण हेच.

स्ट्रीमिंग अ‍ॅपमध्ये नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या पातळीवर आणण्याची सोय) चालू असेल तर ते दोन्ही वेळा चालू हवं, बंद असेल तर दोन्ही वेळा बंद. स्पॉटिफाय मूळ सेटिंगमध्ये गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आणतं. एका अ‍ॅपवर एक आयईएम आणि दुसऱ्या अ‍ॅपवर दुसरा ऐकला तर पातळी वेगळी, कधीकधी मास्टरही (गाण्याची अंतिम तयार प्रत) वेगळं. फोनमधला डॉल्बी किंवा तत्सम इफेक्टही बंद आहे ना, हे बघून घ्या.

टिप्स आणि सील गृहीत धरणं

‘याला बासच नाही’ ही तक्रार आली की मी पहिल्यांदा टिप्सचा (आयईएमच्या तोंडावरच्या मऊ टोप्यांचा) आकार विचारतो. टिप आणि कानाच्या नळीच्या भिंतीमध्ये केसाएवढी फट राहिली तरी खालचा बास निसटतो. मधले सूर जागेवर राहतात, म्हणून आयईएम पातळ आणि किरकिरा वाटतो. डावा आणि उजवा कान एकाच मापाचे असतील असंही नाही. एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठी टिप लागणारे कितीतरी लोक आहेत.

तपासणी सोपी आहे. ४० हर्ट्झच्या आसपासचा सूर लावा. तो डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवा. एका बाजूला झुकत असेल तर दुसऱ्या बाजूचं सील गळतंय. मग बोटाने ती बाजू हलकी दाबून पाहा. बास एकदम वाढला तर टिप बदलायची, आयईएमला दोष द्यायचा नाही.

ट्रेबलचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. आयईएम कानात बसल्यावर त्याचं तोंड आणि कानाचा पडदा यांच्यामध्ये हवेचा एक छोटा स्तंभ उरतो आणि त्याची स्वतःची अनुनाद-वारंवारता असते. आयईएम जितका आत, तितका स्तंभ आखूड आणि अनुनाद वर. लांब नळीचा आणि आखूड नळीचा असे दोन आयईएम एकाच कानात वेगवेगळ्या खोलीवर बसतात, म्हणून एकाचा ‘स’ टोचतो आणि दुसऱ्याचा टोचत नाही. ५ ते १२ किलोहर्ट्झचा स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) हळूहळू वाजवा, पण हळू आवाजात. जिथे सूर अचानक टोकदार होतो ती तुमच्या कानातली जागा. आता आयईएम किंचित बाहेर ओढून तोच स्वीप परत ऐका. टोक सरकलं तर ते बसवण्यामुळे आलंय. सरकलं नाही तर ते ट्यूनिंगमध्येच असण्याची शक्यता जास्त.

टिपचं भोक आणि तिचा पदार्थही आवाज बदलतो. फोमच्या टिप्स सहसा वरचा ट्रेबल थोडा शोषतात. म्हणून एका आयईएमला फोम आणि दुसऱ्याला सिलिकॉन लावून तुलना करू नका. दोन्ही नळ्यांचा व्यास सारखा असेल तर दोघांनाही एकच टिप लावा. व्यास वेगळा असेल तर एकाच जातीच्या टिप्स घ्या आणि खोली जमेल तितकी सारखी ठेवा. ६४ ऑडिओच्या यू१२टी सारख्या महागड्या आयईएममध्ये तर ‘एपेक्स’ मॉड्यूल बदलता येतात. एम१५ लावलं की बास थोडा कमी आणि बाहेरचा आवाज थोडा जास्त, एम२० लावलं की उलट. अशा आयईएमबद्दल मत देताना कुठलं मॉड्यूल होतं हे सांगितलं नाही तर त्या मताचा दुसऱ्याला उपयोग नाही.

सोर्सचा इम्पिडन्स न बघणं

अनेक बॅलन्स्ड आर्मेचर (आवाज निर्माण करणारे छोटे ड्रायव्हर) आणि क्रॉसओव्हर (त्यांच्यात पट्टे वाटून देणारं सर्किट) असलेल्या आयईएमचा इम्पिडन्स (विद्युत रोध) सगळ्या वारंवारतांना सारखा नसतो. त्यात सोर्सचा (फोन, डोंगल किंवा अँपचा) स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स मिसळला की व्होल्टेजची वाटणी बदलते आणि ट्यूनिंग खरोखरच बदलतं. हा मनाचा खेळ नव्हे, साधं गणित आहे. समजा, एखाद्या आयईएमचा इम्पिडन्स बासमध्ये १० ओहम आणि ट्रेबलमध्ये ४० ओहम आहे. तो १० ओहम आउटपुट असलेल्या अँपला लावला तर बास ६ डेसिबलनी खाली जातो आणि ट्रेबल साधारण २ डेसिबलनी. म्हणजे दोघांच्या नात्यात ट्रेबल ४ डेसिबलनी वर आला. तोच आयईएम १ ओहमच्या डोंगलवर लावला तर हा फरक ०.६ डेसिबलवर येतो. ४ डेसिबल म्हणजे वेगळा आयईएमच.

२०१६ साली आलेला कँपफायर ऑडिओचा अँड्रोमेडा यासाठी प्रसिद्ध आहे. सोर्स बदलला की त्याचा स्वभाव बदलतो, आणि त्यावरून लोकांचे वर्षानुवर्षं वाद झाले. वादातल्या दोन्ही बाजू आपापल्या सोर्सपुरतं खरं बोलत होत्या. उलट यू१२टीमध्ये इम्पिडन्स सपाट ठेवण्याची मुद्दाम सोय केलेली आहे, त्यामुळे तो सोर्सला फारसा दाद देत नाही. एटिमोटिक कंपनीने तर याचा ट्यूनिंगचं साधन म्हणूनच उपयोग केला. ईआर-४पीला ७५ ओहमचा अडॅप्टर लावला की तो ईआर-४एससारखा वाजू लागतो.

त्यामुळे तुलना शक्यतो १ ओहम किंवा त्याहून कमी आउटपुट असलेल्या एकाच सोर्सवर करा. जुन्या अँपचा किंवा ऑडिओ इंटरफेसचा हेडफोन जॅक टाळा, त्यातल्या कित्येकांचा आउटपुट इम्पिडन्स १० ओहमच्या वर असतो. एकच डायनॅमिक ड्रायव्हर आणि सपाट इम्पिडन्स असलेल्या आयईएमला ही चिंता नाही. ‘केबल बदलली आणि ट्रेबल खुलला’ असं वाटलं तर केबलचा रोध किती ते मोजून बघा, कारण गणितात तोही सोर्सच्या बाजूलाच मिळतो.

ग्राफ कानासारखा वाचणं

ग्राफ (आयईएमचा कुठला पट्टा किती मोठा वाजतो हे दाखवणारी मोजलेली रेषा) पाहूच नये असं सांगणारे लोक मला पटत नाहीत. ग्राफ उत्तम साधन आहे, पण तो कुठून आला हे माहीत हवं. बहुतेक मोजण्या आयईसी ६०३१८-४ या कपलरवर (कानाची नक्कल करणाऱ्या यंत्रावर) होतात, ज्याला लोक अजूनही ‘७११’ म्हणतात. त्यात आयईएम असा बसवतात की अनुनादाचं टोक ८ किलोहर्ट्झच्या आसपास येईल. म्हणून जवळजवळ प्रत्येक ग्राफवर तिथे उंचवटा दिसतो. ‘याला ८ किलोहर्ट्झला पीक आहे’ म्हणून आयईएम नाकारणारे लोक बऱ्याचदा कपलरचं टोक नाकारत असतात. ८ किलोहर्ट्झच्या वरचा भाग तुमच्या कानात काय होईल, याबद्दल हा ग्राफ फार थोडं सांगतो. ब्रुएल अँड कियरच्या ५१२८ या मोजणीच्या कृत्रिम डोक्यावरचा ग्राफ वेगळा दिसतो, कारण त्याचा कान वेगळा आहे. दोन वेगळ्या यंत्रांवरच्या रेषा एकावर एक ठेवून मोजमाप काढू नका. रेषा कच्ची आहे की तिच्यातून टार्गेट (आदर्श मानलेली रेषा) वजा केलेली, आणि कुठल्या वारंवारतेला जुळवली आहे, हेही बघा. १ किलोहर्ट्झला जुळवलेल्या दोन रेषा ३०० हर्ट्झला जुळवल्या तर ‘कोणाला बास जास्त’ याचं उत्तर बदलू शकतं.

टार्गेटबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. ध्वनी-संशोधक शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्मन कंपनीत तयार केलेलं इन-इअर टार्गेट, विशेषतः २०१९ची आवृत्ती, ऐकणाऱ्यांच्या आवडीच्या चाचण्यांमधून आलेलं आहे. ती सरासरी आहे. ऑलिव्ह यांच्याच हेडफोनवरच्या अभ्यासात बहुसंख्यांना हर्मनच्या जवळचा आवाज आवडला, पण एका गटाला बास त्याहून जास्त हवा होता आणि एका गटाला कमी. त्यामुळे एखादा आयईएम टार्गेटपासून ३ डेसिबल दूर आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही. तुम्ही कोणत्या गटात आहात हे आधी शोधा.

चुकीच्या गाण्यावर परीक्षा

आपल्याकडे बरेच जण शास्त्रीय संगीतावर आयईएम पारखतात आणि ते योग्यच आहे, पण प्रत्येक आवाजाला काय विचारायचं हे कळायला हवं. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेचा षड्ज २०८ हर्ट्झवर असतो आणि तार पंचम ६२३ वर. मूळ सूर बहुतेक एवढ्यातच. पण आवाजाचा तेज, शब्दाची धार आणि गळ्याचा पोत २ ते ४ किलोहर्ट्झमधल्या वरच्या अंशस्वरांत (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांत) असतो आणि आयईएमचं ट्यूनिंग तिथेच सर्वाधिक बिघडतं. तार सप्तकात आवाज अंगावर येत असेल तर तिथे जास्त झालंय. गायिका तंबोऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिल्यासारखी वाटत असेल तर तिथे कमी पडलंय. दोन्ही टोकं पकडायला विलंबित ख्याल आणि त्यानंतरचा द्रुत, असा जोड पुरेसा आहे.

तंबोऱ्यावरून बास मात्र ठरवू नका. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची, पण जवारीमुळे तिची बरीच शक्ती वरच्या अंशस्वरांत जाते. तंबोरा मध्यम आणि वरच्या पट्ट्याचा पोत तपासायला उत्कृष्ट. डग्ग्याचा घुमारा ऐकून मधला बास कळतो. ढोलकीच्या चाटेवरून वरच्या पट्ट्याचा आघात कळतो. ३० ते ५० हर्ट्झसाठी या संगीतात फारसं काही नाही. तिथे सिनेमाचं पार्श्वसंगीत किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतच घ्यावं लागतं. बालगंधर्वांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर महागडा आयईएम ऐकण्याचा आनंद मोठा आहे, पण त्यांत वरच्या टोकाचं फारसं काही नाही. त्यावरून ट्रेबलचा निकाल देता येत नाही.

पटकन बदलून ऐकणं आणि सावकाश ऐकणं यांची गल्लत

ध्वनीचा नेमका पोत काही सेकंदच लक्षात राहतो. म्हणून ‘या ओळीत कुणाचा आवाज पुढे आहे’ या प्रश्नासाठी तीच दहा-पंधरा सेकंदं पुन्हापुन्हा, लगेच बदलून ऐका. क्रमही उलटवा. झगझगीत आयईएमनंतर ऐकलेला कुठलाही समतोल आयईएम आधी मंद वाटतो. पण ‘याच्यासोबत दोन तास बसता येईल का’ या प्रश्नाला पटकन बदलून उत्तर मिळत नाही. कान आणि मेंदू ट्यूनिंगशी जुळवून घेतात, म्हणून रोज एकच आयईएम वापरून काही दिवस ऐका. दुकानातल्या किंवा प्रदर्शनातल्या गोंगाटात पहिला बळी बासचा जातो. तिथला ‘बास कमी’ हा निष्कर्ष घरी परत तपासल्याशिवाय मानू नका.

आवाज अचानक बदलला तर

तुलना चालू असताना एका बाजूचा ट्रेबल मावळला तर आधी नळीची जाळी उजेडात धरून बघा. मळ किंवा ओलावा असतो. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळ्यात हे फार होतं. डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा, आणि ऐकून झाल्यावर टिप्स काढून जाळी मऊ, कोरड्या ब्रशने झटका. तोंड खाली असू द्या. तरी फरक राहिला तर केबलची डावी-उजवी बाजू अदलाबदल करा. दोष केबलबरोबर सरकला तर केबल, आयईएमबरोबर राहिला तर आयईएम.

दुसरा प्रकार फसवा आहे. टू-पिन जोडणीत (केबल दोन पिनांनी आयईएमला लागते त्यात) एका बाजूची पिन उलटी लागली तर त्या बाजूची पोलॅरिटी (विद्युत दिशा) उलटते. दोन्ही बाजूंना आवाज सारखाच मोठा येतो, ग्राफ काढला तरी ठीक दिसतो, पण गायक मधोमध उभा राहत नाही. तो डोक्यात पसरतो आणि बासला जागा सापडत नाही. मोनो रेकॉर्डिंग लावून बघा. आवाज मध्ये घट्ट बसत नसेल तर एका बाजूची पिन काढून उलटी लावा.

एवढं सगळं सारखं करूनही फरक उरला तर तो इक्वलायझरने तपासा. दोघांपैकी स्वस्त आयईएमवर ज्या पट्ट्यात कमी वाटतंय तिथे २-३ डेसिबल वाढवा, पातळी परत जुळवा आणि त्याच ओळी ऐका. फरक मिटला तर तुम्हाला आवडलेली गोष्ट ट्यूनिंगच होती आणि ती कमी पैशात मिळते. ८ किलोहर्ट्झच्या खाली सगळं जुळूनही महागडा आयईएम जास्त मोकळा वाटत राहिला, तर उरलेला प्रश्न वरच्या ट्रेबलचा आणि तो तुमच्या कानात कसा बसतो याचा आहे. त्यासाठी तो आयईएम तुमच्याच टिप्स लावून, तुमच्याच सोर्सवर, घरी नेऊन ऐकायला मिळेल असा विक्रेता शोधा.