साक्रीच्या माळावर, विजेच्या खांबापासून लांब: जाण्याआधीची तयारी

माळावर स्वतःच्या पाण्यावर आणि सोलरवर घर करून राहायचं असेल, तर तिथली जमीन श्रावणात बघायला जाऊच नका. तेव्हा धुळे जिल्ह्यातल्या साक्री-शिंदखेड्याकडचं प्रत्येक टेकाड हिरवं असतं, नाला वाहत असतो आणि एजंट सांगेल तो भाव पटतो. जायचं ते मे महिन्यात, भर दुपारी. शेजारच्या विहिरीच्या तळाला काय दिसतं, गावात टँकर येतो का, बाया हंडे कुठून आणतात, एवढं बघितलं तरी निम्मा निकाल लागतो. पारावरचा कुणीही म्हातारा हेच सांगेल, "पह्यले पानी देख भाऊ, मंग वावर ले."

मग कागद. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आपण आधी शेतकरी असावं लागतं, नाहीतर परवानगी काढावी लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवरची जमीन, असं लिहिलं असेल तर तिथेही परवानगीचा प्रश्न येतो. आणि पश्चिम खान्देशात सगळ्यात जपायचं ते हे: आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला अशी सहज घेताच येत नाही, कायदाच आडवा आहे. "स्वस्तात मिळतेय, कागदाचं नंतर बघू" म्हणणाऱ्याला लांबूनच रामराम. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, काढा, गावनकाशावर रस्ता आहे का ते बघा. महसूल अधिनियमाच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडून बांधावरून रस्ता मागता येतो, पण ज्याच्या बांधावरून तो जाणार त्याच्याशीच जन्मभर शेजार करायचा असतो. रस्त्यावरून वाद असेल तर मी तरी ती जमीन सोडून देईन.

पाण्याचा हिशोब कागदावर मांडायचा, अंदाजपंचे नाही. धुळे-नंदुरबारच्या खडकात काळ्या दगडाच्या उभ्या भिंती जमिनीखालून मैलोनमैल गेलेल्या आहेत, काही ठिकाणी त्या वर डोकं काढतात. अशी भिंत वाहतं भूजल अडवते, म्हणून तिच्या चढाकडच्या विहिरीला पाणी आणि उताराकडची कोरडी, असं अनेकदा दिसतं. बोअर घेण्याआधी तळहातावर नारळ धरून पाणी सांगणाऱ्याबरोबर एखादा भूवैज्ञानिकही फिरवून आणा. तरीही प्यायचं पाणी बोअरच्या भरवशावर ठेवू नये. छताच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. 100 चौरस मीटर पत्रा आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 50 हजार लिटर, गळती-नासाडी वजा जाता 40 हजार. दोन माणसांना रोजचे 150 लिटर धरले तर ऑक्टोबर ते जूनचे अडीचशे दिवस 37,500 लिटरमध्ये निघतात. म्हणजे चार बाय चार मीटरची, अडीच मीटर खोल, वरून पक्की झाकलेली टाकी. म्हैस किंवा झाडं असतील तर त्यांचं वेगळं धरा. शेततळं शेतीला ठीक, पण उघडं पाणी इथलं ऊन पिऊन टाकतं.

यातच घराचं गणित अडकतं. जाड मातीच्या भिंतीचं धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर वैशाखातही सुसह्य राहतं, पण धाब्यावरून उतरणारं पाणी गढूळ, टाकीत घेण्यासारखं नाही. म्हणून राहायला धाबं आणि शेजारी गोठ्यावर, अवजारांच्या खोलीवर पत्रा: पाणी तिथून घ्यायचं, सोलरचे पॅनेलही तिथेच बसवायचे. पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, पत्र्यावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. पत्रा हुकांनी घट्ट आवळा. इथला वारा जोराचा, साक्रीकडच्या ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

विजेचं त्यामानाने सोपं. एक किलोवॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट देतात. दिवे, कमी वीज खाणारे दोन बीएलडीसी पंखे, मोबाईल आणि छोटा फ्रिज त्यात बसतो. मिक्सर, इस्त्री आणि मोटर भर दुपारीच चालवायची सवय लावा. अति तापलेलं पॅनेल उलट कमी वीज देतं, आणि बॅटरी तर उष्णतेने लवकर मरते, ती घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. विहिरीवर वीजजोडणी नसेल तर 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अर्ज करा, सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या 10 टक्के भरावे लागतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता ट्रॅक्टरही गिळतो. तेव्हा मुरूम उन्हाळ्यातच टाकून घ्या आणि आषाढाआधी दोन महिन्यांचा किराणा भरा: दादर (रब्बी ज्वारी), कळण्याच्या भाकरीसाठी उडीद, तूर, तेल, मीठ, गॅसचं जादा सिलिंडर. बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडया वैशाखातच घालायच्या, ऊन फुकटचं आहे. पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, गंजी चुलीसाठी लागेल, पण ती घराला टेकून रचू नका. फुरसं, हा छोटा विषारी साप, दगडात आणि काटक्यांत बसतं. हातात टॉर्च असल्याशिवाय रात्री पाऊल टाकायचं नाही, पायात बूट हवेत. सर्पदंशावरचं इंजेक्शन (प्रतिविष) कोणत्या सरकारी दवाखान्यात असतं हे आधी स्वतः जाऊन विचारून या. रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लागण्याइतकी रेंज कोणत्या टेकाडावर मिळते तेही माहीत हवं. शेळ्या ठेवणार असाल तर गोठ्याला वरूनही जाळी हवी, बिबट्या भिंतीवरून उडी घेतो. दिवाळीनंतर गवत वाळलं की घराभोवती चार-पाच मीटरचा पट्टा साफ करून ठेवा, वणवा तेवढ्यावर अडतो.

बांधकाम उन्हाळ्यात उरका, टाकी पावसाळ्यात भरू द्या आणि मुक्काम दिवाळीनंतर हलवा. गोधड्या भरपूर न्या, धुळ्याकडची पौष महिन्यातली थंडी उन्हाळ्याइतकीच कडक असते.