कंबरदुखीसाठी पाण्यात उतरताय? या चुका टाळा

'पोहायला जा, कंबरेला बरं वाटेल' असं कुणी सांगितलं, की माणसं तलावाचा पास काढतात आणि डोकं कोरडं ठेवून ब्रेस्टस्ट्रोकच्या, म्हणजे बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याच्या, फेऱ्या मारू लागतात. कंबर बिघडते ती इथेच. मान वर राहिली की पाय आणि कुल्ले खाली जातात, कंबरेला मागे बाक येतो आणि मणक्याच्या मागच्या सांध्यांवर दाब पडतो. किकबोर्ड, म्हणजे तरंगती फळी, पुढे धरून पाय मारतानाही तसंच होतं. पोहायचंच असेल तर चेहरा पाण्यात घालायला शिका, नाहीतर उताणं पोहा.

खरं तर पोहता येण्याची गरजच नाही. पाण्यात चाललं तरी पुष्कळ. मात्र खोली नीट निवडा. कंबरेएवढ्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्मा होतो, छातीपर्यंतच्या पाण्यात जेमतेम एक तृतीयांश उरतो. म्हणून छातीएवढ्या पाण्यात, कठड्याजवळ चाला. पाणी रेटायला पुढे झुकू नका, चवड्यांवरही चालू नका. टाच आधी टेकवा, पोट हलकंसं आत घ्या, पावलं छोटी टाका. जमलं की उलटं आणि आडवंही चालून पाहा. घाई नको: वेग दुप्पट झाला की पाण्याचा विरोध जवळजवळ चौपट होतो.

पहिल्याच दिवशी तासभर पाण्यात राहणं ही दुसरी हमखास चूक. पाण्यात दुखत नाही म्हणून माणूस थांबत नाही आणि संध्याकाळी अंथरुणाला खिळतो. दहा-पंधरा मिनिटांनी सुरुवात करा. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलेलं असेल तर वेळ निम्मी करा.

थंडीत पहाटेची बॅच टाळा. उपचारासाठीच्या पाण्याचं तापमान ३२ ते ३४ अंश ठेवतात, साध्या तलावाचं त्याहून बरंच कमी असतं. गार पाण्यात स्नायू आखडतात. दुपारची बॅच मिळाली तर उत्तम.

बाहेर येताना कठड्यावर हात रोवून अंग वर ओढू नका. सगळा भार एकदम परत येतो आणि त्याच क्षणी कंबर पिळली जाते. पायऱ्यांनीच या, दोन मिनिटं बसा, पाणी प्या. पाण्यातही घाम येतो, तो कळत नाही इतकंच.

पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा आला असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर तलाव विसरा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.