ताम्रपत्र घासू नका : आजोबांचं पदक सांभाळायची रीत

ऑगस्ट लागला की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडे घरोघरी चिंच भिजते. पंधरा ऑगस्टला शाळेत आजोबांचं ताम्रपत्र न्यायचं असतं, म्हणून चिंच-मीठ लावून वर राखेनं घासून ते पार लखलखीत करतात. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो, पदकांचा नाद आहे, त्यामुळे लोक विचारायला येतात. घासू नका, हे मी आधी सांगतो. पट्ट्याची बकलं आम्हीही ब्रासो पॉलिशनं चमकवायचो, पण बकल झिजलं तर स्टोअरमधून दुसरं मिळतं. घासताना जाते ती कोरलेल्या अक्षरांची धार, आणि ती परत येत नाही. तांब्याचा तपकिरी रंग म्हणजे मळ नव्हे, त्याचं ते वयच आहे बाप्पा.

आता हातात नेमकं काय आहे ते ओळखा, कारण इथं भले भले चुकतात. ताम्रपत्र स्वातंत्र्यसैनिकांना मिळालं, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हा. मजकूर हिंदीत, त्यात इंदिरा गांधींचं नाव, आणि तारीख १५ ऑगस्ट १९७२, सोबत शके १८९४ चा २४ श्रावण. ‘चले जाव’ चळवळीत १६ ऑगस्ट १९४२ ला आपल्याकडचं आष्टी आणि चिमूर पेटलं होतं, तेव्हा आपल्या भागात अशी ताम्रपत्रं असणारच.

रिबिनीला लटकणारं गोल पदक वेगळं. त्याच्या एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही इंग्रजी तारीख असेल, दुसऱ्या बाजूला अशोकचक्र आणि त्यावर चक्क ब्रिटिश मुकुट, तर ते त्या दिवशी फौजेत नोकरीवर असलेल्या जवानांचं. मुकुट पाहून दचकू नका. २६ जानेवारी १९५० पर्यंत कागदोपत्री आपला राजा ब्रिटनचाच होता. मात्र या पदकावरून आजोबा चळवळीत होते असं सांगत फिरू नका. ते सैनिक होते, आणि तेवढंही कमी नाही.

पदकाची कड बघा. नंबर, नाव, पलटण बहुधा तिथेच कोरलेली असते. अंधारात टॉर्च आडवी धरली की बुजलेलं अक्षरही उठून दिसतं. मोबाइलनं फोटो काढा, वाचलेलं वहीत उतरवा. पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायची झाली तर तो नंबरच कामी येतो.

धूळ मऊ ब्रशनं झटका. मळ फारच चिकटला असेल तर बॅटरीत टाकायचं शुद्ध पाणी आणा (ॲसिड नव्हे, दुकानदाराला दोनदा सांगा), धुतलेल्या जुन्या धोतराचा बोळा त्यात भिजवून पिळा आणि हलकेच टिपा. रिबिनीला पाणी लागू देऊ नका, इस्त्री तर नाहीच. रिबीन विरली असेल तर नवी लावा, पण जुनी फेकू नका.

ठेवायचं कशात? प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात नको, त्यातलं रसायन धातूवर हिरवं चढवतं. वर्तमानपत्रातही नको. सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा, बुटाच्या खोक्यातली पांढऱ्या दाण्यांची पुडी सोबत टाका. पावसाळ्यात डबा ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब. हिरवी भुकटी सुटायला लागली तर ते नग बाकीच्यांपासून वेगळं करा.

छातीवर लावायचं असेल, तर वारसानं उजवीकडे लावावं. डावी बाजू ज्यानं कमावलं त्याची.

शाळेत शक्यतो मोठा छापलेला फोटोच न्या. मूळ वस्तू न्यायचीच असेल तर घरचं मोठं माणूस सोबत जाऊ द्या, आणि टेबलावर ठेवताना हार-नारळापासून हातभर लांब ठेवा. नारळ फुटला की पाणी कुठवर उडतं, ते सरपंचांच्या शर्टाला विचारा.