माती घालून झाडांची पहिली टाकी

पुण्यातल्या नर्सरीत कुंडीसाठीची तयार माती मागितली, की बहुतेकदा शेणखत, निंबोळी पेंड मिसळलेलीच हातात पडते. माशांच्या टाकीत ती नको, पाण्यात माशांना विषारी असा अमोनिया चढतो. नुसती लाल माती घ्या, चाळून काड्या-मुळं काढा. तळाला जेमतेम 2-3 सेंमी थर, वर 3-4 सेंमी धुतलेली जाड वाळू. पाणी भरताना वाळूवर ताटली ठेवून बारीक धार तिच्यावरच सोडा, नाहीतर टाकीचा चहा होतो! नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी घालवा. व्हॅलिसनेरिया, हायग्रोफिला अशी पाण्यातली झाडं पहिल्याच दिवशी दाटीवाटीनं लावा. इथे काटकसर केली की शेवाळ माजलंच. दिवा रोज 6-7 तास पुरे. मासे मात्र पाण्याच्या चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषं शून्य येईपर्यंत दुकानातच राहू देत.